दोनशे पंचवीस न्यूटनची लिफ्ट

काकूंचं लग्न एका गैरसमजातून झालं आणि त्या गैरसमजाला चंद्र जबाबदार होता.

पहिल्याच भेटीत तो उंच, काटकुळा, नुकताच शाळेत भौतिकशास्त्राचा मास्तर म्हणून लागलेला मुलगा तासभर चंद्राबद्दल बोलला. तिथे माणूस किती हलका होतो, साधं पाऊल टाकायला जावं तर कशी उडी पडते, वगैरे. काकू तेव्हा विशीतल्या होत्या. त्यांना वाटलं, काय रसिक माणूस आहे, बाकीचे आपली नोकरी सांगतात, हा चंद्र दाखवतो. घरी येऊन त्यांनी थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला, सगळं रंगवून सांगितलं. ताईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, शेवटी काय म्हणाला? काकू आठवून म्हणाल्या, शेवटी म्हणाला की चंद्रावर वजन एक षष्ठांश होतं, पण वस्तुमान तेवढंच राहतं.

"धाकटे," ताई म्हणाली, "हा चंद्र दाखवत नाहीये. हा धडा शिकवतोय."

आता त्या वयात थोरल्या बहिणींचं ऐकायची पद्धत असती, तर जगातली निम्मी लग्नं झालीच नसती. हे झालं. आणि त्या दिवशी सुरू झालेला धडा नंतर कधी संपला नाही.

धडा तसा दोन ओळींचा आहे. वस्तुमान म्हणजे वस्तूत माल किती आहे ते, आणि वजन म्हणजे पृथ्वी त्या मालाला किती जोरानं खाली ओढते ते. माल कुठेही न्या, तेवढाच राहतो. ओढ मात्र जागेप्रमाणे बदलते. झालं. शहाण्या माणसाला हे एकदा सांगितलं की तो मान डोलावतो आणि आपल्या कामाला लागतो. सरांनी ते आयुष्यभर पुरवलं.

वर्गात येताना ते एका हातात दोन पारड्यांची पितळी तागडी आणि दुसऱ्या हातात स्प्रिंगचा काटा घेऊन येत. स्प्रिंगचा काटा खोटारडा, असं ते मुलांना सांगत. तो जागा बघून बोलतो. इथे एक सांगेल, चंद्रावर दुसरंच. तागडी तशी नाही. ती एका पारड्यातला माल दुसऱ्या पारड्यातल्या मालाशी ताडून बघते, आणि ओढ कमी झाली तरी दोन्हीकडची सारखीच कमी होते, म्हणून तिचं उत्तर कुठेही तेच. हे ते इतक्या भक्तिभावानं सांगत की मुलांनी त्यांचं नावच तागडी ठेवलं. पोरांनी ठेवलेली नावं मास्तरांना कळत नाहीत असं मास्तरांना वाटतं. सरांना हे नाव कळलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते आवडलं होतं.

ते निवृत्त झाले तेव्हा शाळेनं ती तागडी काचेच्या पेटीसकट त्यांना भेट दिली. शाळेत तेव्हा नवा इलेक्ट्रॉनिक काटा आला होता, त्यामुळे जुना माल आणि जुना मास्तर एकाच समारंभात बाहेर काढता आले. तागडी घरी बैठकीच्या खोलीतल्या टेबलावर बसली. टीव्ही होता तो खाली स्टुलावर गेला. तेव्हापासून काकू मान वाकडी करून बातम्या बघतात.

निवृत्तीनंतर वर्ग राहिला नाही, तेव्हा सरांनी सगळ्या जगालाच वर्ग समजायला सुरुवात केली. दुकानात ते एक किलो वस्तुमानाची साखर मागत. दुकानदार पक्का होता. सर दिसले की तोच आधी विचारी, "सर, आज पृथ्वीवरच तोलू ना?" सर खूश होत. त्यांना वाटे, हा शिकतोय. त्यांना हे सुचलंच नाही, की मागे रांगेत उभी असलेली माणसं खोकत नाहीयेत, हसतायत. याच सरांना मुलगी झाली तेव्हा नर्सनं बाहेर येऊन सांगितलं होतं, वजन तीन किलो. वस्तुमान, सर म्हणाले. रात्रपाळीनं पिचलेल्या नर्सनं बाळ त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "घ्या, सांभाळा तुमचं वस्तुमान." ती मुलगी मोठी होऊन नोकरीसाठी फार लांब गेली. इतक्या लांब का गेली, हे कुणी विचारत नाही.

पुढे काकूंच्या गुडघ्यांनी मान टाकली. डॉक्टरांनी घरी येऊन गुडघ्यांचा फोटो उजेडात धरून बघितला आणि नेहमीचंच सांगितलं, वजन कमी करा. सर शेजारीच बसले होते. त्यांनी डॉक्टरांना समजावलं, की नुसतं वजनच कमी करायचं असेल तर विषुववृत्ताकडे सरकलं तरी ते किंचित कमी होतं. डॉक्टरांना बहुधा वस्तुमान म्हणायचं असावं. डॉक्टर म्हणाले, मग घेऊन जा विषुववृत्तावर. काकू म्हणाल्या, आधी मला तळमजल्यापर्यंत कसं जायचं ते सांगा.

हा प्रश्न खरा होता. घर तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, पायऱ्या उंच. फोटो काढायला जाताना काकूंना खुर्चीत बसवून खाली आणलं होतं. तळमजल्यावरचा शिंपी पुढून आणि सुट्टीत गावाहून आलेला ताईचा मुलगा मागून, अशी खुर्ची धरलेली. सर त्यांच्या मागून उतरत उतरत, खुर्चीवर कुठल्या बाजूला किती भार येतोय ते समजावून सांगत होते. ऐकता ऐकता शिंप्याची पायरी चुकली. खुर्ची कलंडली, काकूंनी कठडा धरला म्हणून वाचल्या. त्याच दिवशी वर आल्यावर त्यांनी सांगून टाकलं, की आता कपाटासारखी मी पुन्हा उतरणार नाही. उतरेन तर माझ्या पायांनी, नाहीतर इथेच बरी. आणि त्या खरंच इथेच राहिल्या.

ताई समोरच्याच इमारतीत राहायची. मधे फक्त रस्ता. पण ताई तळमजल्यावर आणि तिला धाप लागायची, म्हणून तिच्या डॉक्टरांनी तिला जिने बंद केलेले. एकीला उतरता येत नाही, दुसरीला चढता येत नाही. तेव्हा रोज दुपारी काकू खिडकीत बसत, ताई आपल्या दारात खुर्ची टाकून बसे, आणि दोघी एकमेकींकडे बघत फोनवर बोलत. वरून काकूंना ताईचे पांढरे केस आणि तिचा तो ढगळ राखाडी कोट दिसे. खालून ताईला काकूंची हनुवटी दिसे. हनुवटी वाढत चाललीय, असं ताई कळवत असे.

एकदा ताई म्हणाली, की तिचं वजन बरंच उतरलंय. काकूंना हेवा वाटला. इकडे डॉक्टर कानीकपाळी ओरडून सांगतात तरी रेसभर हलत नाही, आणि हिचं न सांगता उतरतंय. काय पथ्य करतेस ते मलाही सांग की, त्या म्हणाल्या. ताई हसली, म्हणाली, काही नाही गं, भूकच नसते. मागून सरांचा आवाज आला, की वजन असं उतरत नसतं, उतरलं असेल तर वस्तुमान उतरलं असेल. ताईला फोनवर ते ऐकू गेलं. मास्तरांना सांग, ती म्हणाली, त्यांचं बरोबर आहे.

अशात इमारतीनं लिफ्ट बसवायचं ठरवलं. काकूंना त्या रात्री झोप आली नाही. जिन्याच्या मधल्या चौकोनात मावेल एवढीच, तीन माणसांची लिफ्ट. बसवण्याचं काम चालू असताना काकू दार उघडून खुर्ची टाकून बसत आणि ठोकाठोकीचा आवाज गाणं ऐकावं तसा ऐकत. ताईनं तर आपल्या दारात दुसरी खुर्ची आणून ठेवली. धाकटी आली की बसायला. ती रिकामी खुर्ची ताई रोज पुसते, हे काकूंना वरून दिसे.

लिफ्ट ताब्यात घेण्यासाठी इमारतीतल्या तिघांच्या सह्या लागत होत्या. अध्यक्ष म्हणून पहिल्या मजल्यावरची दंतवैद्य बाई. खजिनदार म्हणून तळमजल्यावरचा शिंपी, ज्याला लिफ्टचा उपयोग कपाळावर शिंग असण्याइतकाच होता, तरी बिचाऱ्यानं सही केली. आणि तिसरी सही तांत्रिक सल्लागाराची. इमारतीत भौतिकशास्त्र जाणणारे एकच गृहस्थ होते. पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल.

लिफ्ट वर-खाली चालवून दाखवायला कंपनीचा मेकॅनिक आला. हसतमुख, बडबड्या माणूस. लिफ्ट लोण्यासारखी चालली. सरांनी दोर बघितले, ब्रेक बघितला, लिफ्टला तोलून धरणारं मागचं लोखंडी वजन बघितलं, आणि त्याला वजन म्हणू नये असं सुचवलं. मग त्यांची नजर आतल्या पाटीवर गेली. पाटीवर लिहिलं होतं, तीन माणसे, कमाल वजन २२५ किलो.

सरांनी चष्मा पुसला. मेकॅनिकच्या आयुष्यातला तो शेवटचा निवांत क्षण होता. सरांनी विचारलं, हे वजन कधीचं? लिफ्ट वर निघते तेव्हा आतल्या माणसाचं वजन वाढतं, खाली निघते तेव्हा कमी होतं. तर हे २२५ उभ्या लिफ्टमधलं, वर निघतानाचं, की खाली निघतानाचं? आणि वजन किलोत कसं? किलो हे वस्तुमानाचं एकक. वजन म्हणजे ओढ, ती न्यूटनमध्ये मोजतात. मेकॅनिक म्हणाला, सर, तीन माणसं मोजायची आणि दार लावायचं. दोर इतका भक्कम आहे की हत्ती बसला तरी तुटायचा नाही. सर म्हणाले, हत्तीचं वजन धरून बोलताय की वस्तुमान? तेव्हापासून मेकॅनिक कमी बोलू लागला.

सरांनी सही केली नाही. पाटी बदलून आणा, म्हणाले. तोपर्यंत लिफ्ट कुणी वापरू नये म्हणून तिला कुलूप आणि कुलपाची चावी सरांकडे. सरांनी ती घरी आणून आधी तागडीत तोलली, आणि मग त्याच पारड्यात ठेवून दिली. दुसऱ्या पारड्यात तिच्याइतकीच पितळी वजनं. काचेआड ती चावी अशी अधांतरी, समतोल, लटकत राहिली, आणि समोर मान वाकडी करून टीव्ही बघणाऱ्या काकूंना ती टीव्हीपेक्षा जास्त दिसत राहिली.

कंपनीला पत्रं गेली. कंपनीची उत्तरं आली, की अशीच पाटी सगळीकडे असते. सरांनी कळवलं, सगळीकडे असते म्हणून चूक बरोबर होत नाही. वाक्य काही वाईट नाही. शाळेच्या भिंतीवर शोभून दिसेल. पण तिसऱ्या मजल्यावर गुडघे धरून बसलेल्या बाईला त्याचा काय उपयोग, हे विचारायला त्या पत्रव्यवहारात जागाच नव्हती. दंतवैद्य बाई एकदा येऊन समजावून गेल्या. जाताना काकूंना म्हणाल्या, दाढ असती तर एव्हाना उपटली असती. सरांना हलवणं सोपं नव्हतं. तेच वर्गात शिकवत असत, की वस्तुमान म्हणजे वस्तूचा हट्ट. जेवढं ते जास्त, तेवढी वस्तू जागची हलत नाही. काकूंनी या विषयाची पुस्तकं वाचली नव्हती. त्यांचं सगळं प्रात्यक्षिक घरीच झालं होतं.

आणि मग ताईचा फोन आला, की मुलगा तिला आपल्या गावी घेऊन जातोय. तिकडे मोठं हॉस्पिटल आहे, तपासण्या करायच्यात. रविवारी सकाळी निघायचं. परत कधी, असं काकूंनी विचारलं. बघू, ताई म्हणाली. मग म्हणाली, खुर्ची पुसून ठेवलीय, जमलं तर ये.

त्या संध्याकाळी काकू टीव्ही बंद करून सरांसमोर बसल्या. त्यांनी एवढंच मागितलं, की सही करा, मला रविवारच्या आत ताईला भेटायचंय. जवळ बसायचंय तिच्या, खिडकीतून नाही. सर म्हणाले, कंपनीनं शेवटी ऐकलंय, नवी पाटी निघालीय, शुक्रवारी येतेय, तेव्हा करतो ना सही. आणि नाहीच आली तर खुर्चीतून नेऊ की खाली. पण आज चुकीच्या पाटीवर सही केली तर उद्या लोक काय शिकतील?

"लोक लिफ्टमध्ये शिकायला जात नाहीत," काकू म्हणाल्या. "वर-खाली करायला जातात."

पाटी खरंच शुक्रवारी आली. मेकॅनिकनं ती चार स्क्रू मारून बसवली आणि मागे न बघता निघून गेला. सर चष्मा लावून वाचायला गेले. कंपनीत कुणीतरी सरांची सगळी पत्रं वाचून, त्यांतला प्रत्येक शब्द मनावर घेऊन, मोठ्या कष्टानं ती पाटी बनवली असावी. तिच्यावर लिहिलं होतं, तीन माणसे, कमाल वस्तुमान २२५ न्यूटन.

आता हे म्हणजे आगीतून फुफाट्यात. वस्तुमान न्यूटनमध्ये! सरांनी तिथल्या तिथे तोंडी हिशेब केला. दोनशे पंचवीस न्यूटन ओढ म्हणजे जेमतेम तेवीस किलो माल. तीन माणसं सोडाच, या पाटीप्रमाणे लिफ्टमधून एखादं कुत्रं जाऊ शकलं असतं, तेही फार खाल्लेलं नसेल तर. सर संतापले, असं ते सांगतात. काकूंना मात्र ते बऱ्याच दिवसांनी टवटवीत दिसले. एवढी घसघशीत चूक त्यांना सबंध नोकरीत कुणी दिली नव्हती. ते घरी येऊन लगेच पत्राला बसले. सहीचा विषय काकूंनी काढला नाही. सरांनी त्याचा अर्थ, पटलं, असा घेतला.

रविवारी सकाळी समोरच्या दारात गाडी उभी राहिली. काकू खिडकीत होत्या. ताईचा मुलगा बॅगा आणून ठेवत होता. ताई कोट घालून आपल्या खुर्चीत बसली होती आणि शेजारची खुर्ची अजून तिथेच होती. ती आत नेलेली नव्हती.

सर टेबलाशी पाठमोरे बसून पत्राचा तिसरा कागद लिहीत होते. काकूंनी काचेची पेटी उघडली आणि चावी उचलली. पलीकडचं पारडं खटकन खाली आदळलं. सरांनी वर न बघताच विचारलं, काय पडलं? काही नाही, काकू म्हणाल्या, आणि काठी घेऊन बाहेर पडल्या.

लिफ्ट तिसऱ्या मजल्यावरच उभी होती, पण कुलूप काढायला वेळ लागला. लिफ्टमध्ये नव्या रंगाचा वास होता. समोरच पाटी. काकूंनी ती वाचली. तिच्याप्रमाणे त्या एकट्याच तीन लिफ्टांना भारी होत्या. त्यांनी दार ओढलं आणि खालचं बटण दाबलं.

लिफ्ट निघाली, आणि निघताना क्षणभर काहीतरी झालं. पोटात हलकं झालं आणि गुडघे गप्प बसले. पुरते गप्प. दुखणं इतकं जुनं होतं की ते थांबल्यावरच त्यांना कळलं, ते सतत चालू असतं. लगेच सगळं पूर्ववत झालं, आणि खाली थांबताना तर गेलेला भार व्याजासकट परत आला. त्यांनी कठडा घट्ट धरला. पण तेवढ्यात त्यांच्या मनात आलं, की हा माणूस इतकी वर्षं जे सांगत होता ते हेच होय. आणि मग त्यांना त्याचा आणखीच राग आला. हे एवढं गमतीचं असतं, आणि यानं त्याची पाटी करून ठेवली.

रस्ता ओलांडायला ताईच्या मुलानं धावत येऊन हात दिला. तो म्हणाला, मावशी, तू कशी आलीस? काकू त्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसल्या.

"आलीस?" ताई म्हणाली. "पाटी बदलली वाटतं."

"बदलली. पहिल्यापेक्षा वाईट झाली."

ताई हसायला लागली आणि तिला खोकला आला. काकूंनी पाठीवर हात फिरवायला म्हणून तिला जवळ घेतलं. हाताला कोट लागला. कोटाच्या आत बराच वेळ काही लागलंच नाही, आणि लागलं ते हाड होतं. काकूंनी तिच्याकडे बघितलं. तिसऱ्या मजल्यावरून केस दिसतात, खांदे दिसतात, चेहरा दिसत नाही. गालांची वाटी झाली होती. बाहीतून आलेलं मनगट लहान मुलीचं होतं.

"वरून दिसत नव्हतं ना?" ताई म्हणाली. "म्हणून तर कोट घालत होते. उन्हाळ्यात उकडून मेले."

काकूंना ते पथ्य आठवलं. काय पथ्य करतेस ते मलाही सांग, असं आपण हिला हसून विचारलं होतं. त्यांना रडू आलं आणि त्या रडल्या. ताईनं रडू दिलं. दोन खुर्च्या शेजारी शेजारी, दोघींचे हात एकमेकींत, आणि काही महत्त्वाचं असं दोघी बोलल्या नाहीत. हनुवटी जवळून आणखी मोठी दिसते, असं मात्र ताईनं सांगून घेतलं.

तेवढ्यात सर आले. जिन्यानं. सही न झालेल्या लिफ्टमध्ये ते बसले नसतेच. हातात पेन तसंच, धाप लागलेली, आणि तोंडात एक सबंध व्याख्यान तयार. पण ताईच्या मुलानं हाक मारली. गाडीची पायरी उंच होती, ताईला चढवत नव्हतं, आणि त्याच्या दोन्ही हातांत सामान होतं. काका, जरा धराल का, तो म्हणाला.

सरांना आपल्या दंडांचा अभिमान होता. प्रयोगशाळेतले लोखंडी स्टँड त्यांनी तीस वर्षं एकट्यानं हलवले होते. त्यांनी पेन खिशाला लावलं. ताई म्हणजे थोराड हाडाची बाई. सरांच्या लग्नात मांडव सजवणाऱ्यांना बाजूला सारून तिनं एकटीनं टेबलं हलवली होती, आणि अशी अक्कडसासू बघून नवरदेव घाबरला होता. सरांना तीच आठवत होती. त्यांनी शास्त्रशुद्ध गुडघे वाकवले, श्वास घेतला, आणि तिच्या बेतानं जोर लावला.

भरलेली समजून रिकामी बादली उचलावी तसं झालं. ताई इतक्या झटकन वर आली की तिचं डोकं गाडीच्या टपाला लागता लागता राहिलं. सर तोल जाऊन एक पाऊल मागे सरकले.

"हळू मास्तर," ताई त्यांच्या हातांतून म्हणाली. "चंद्रावर नाही मी अजून."

सरांनी तिला अगदी सावकाश आत बसवलं. मग कोटाची एक बाजू दारात अडकत होती, ती आत सारली. गाडी गेली. ताईनं मागच्या काचेतून हात हलवला, आणि या वेळी काकूंना तिचा चेहरा दिसला.

दोघं रस्ता ओलांडून परत आले. लिफ्टचं दार उघडंच होतं. काकू आत गेल्या आणि वळून उभ्या राहिल्या. सर बाहेरच उभे होते, दोन्ही तळहात थोडे पुढे धरून, अजून कुणाला तरी उचलून धरल्यासारखे.

"आता सांगा," काकू म्हणाल्या. "ताईचं काय कमी झालं? वजन की वस्तुमान?"

सबंध आयुष्यात हा प्रश्न सरांना आपण होऊन कुणीही विचारला नव्हता. ना वर्गात, ना दुकानात, ना घरात. उत्तर त्यांना पाठ होतं. विषुववृत्त, चंद्र, तागडी, सगळं त्यामागून आलं असतं.

"वस्तुमान," सर म्हणाले. त्यापुढे काही आलं नाही.

मग ते आत आले. पाटीकडे त्यांनी बघितलं नाही. दार ओढलं आणि तिसऱ्या मजल्याचं बटण दाबलं. वर निघताना भार वाढतो, तो काकूंच्या गुडघ्यांना कळला आणि त्यांनी सरांचा दंड धरला. का वाढतो, ते सरांनी सांगितलं नाही.